बिननावाचा गोल

टॅम ड्रायबरला आमच्या बॅलकर्न गावात कोणी ओळखलं नाही, असं एका दुपारी घडलं, हे मला अजून खरं वाटत नाही. खाणकामगाराचा हा पोरगा सतराव्या वर्षी आमच्याच फुटबॉल क्लबाच्या आघाडीला खेळायला लागला. ग्लासगोच्या मोठ्या क्लबाने त्याला उचललं आणि दोन हिवाळे नुसतं बाकावर बसवलं. मग इंग्लंड, मग उतरत उतरत लहान लहान गावं. पण उंच उडी घेऊन डोक्याने गोल मारावा तो टॅमनेच. "डोकं कसलं, हातोडा आहे तो!" असं माझे सासरे म्हणायचे.

तो हातोडाच एकदा दुसऱ्याच्या कपाळावर आपटला. टॅम मैदानात निपचित पडला, तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जागा झाला. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे डोक्याला साधा फटकासुद्धा नको. टॅमने बायकोला, सेंगाला, शब्द दिला आणि मुकाट्याने गावी येऊन बेकरीची गाडी चालवायला लागला.

त्या शनिवारी सेंगा आणि मी मैदानाकाठच्या टपरीत नेहमीसारख्या चहा आणि मटण-पाई विकत होतो. टॅम भावाकडे फरशी बसवायला गेलाय, असं ती म्हणाली. समुद्रावरून धुकं चढलं होतं, पलीकडचा गोलही दिसत नव्हता. उत्तरार्धात कर्ण्यावर बदली खेळाडू जाहीर झाला: "ट्रायलिस्ट." आमच्याकडे चाचणीपुरता घेतलेल्याचं नाव सांगत नाहीत, दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून.

"कोण गं हा बिननावाचा?" मी विचारलं.

"असेल एखादं शेंबडं पोर. तू आधी भट्टीतल्या त्या पाई बघ, करपताहेत."

कुंपणापाशी कोणीतरी ओरडलं, "अरे पळ की म्हाताऱ्या! माझी आजी बरी तुझ्यापेक्षा!" आणि धुक्यातून तो माणूस आमच्या बाजूला आला, तसा ओरडणाराच चरकला. "अरे देवा, हा तर आपला टॅम!"

सेंगाने किटली खाली ठेवली नाही, चहा ओतलाही नाही. कडेने चेंडू उंच आला. "नको, टॅम, नको..." ती पुटपुटली. सगळं मैदान श्वास रोखून उभं होतं, पण आमच्या दोघींचा श्वास वेगळ्या कारणाने अडकला होता. टॅम उडाला. चेंडू कपाळावर बसल्याचा आवाज मी टपरीत ऐकला. जाळं हललं आणि गाव वेडं झालं. कर्णा म्हणाला, "गोल! ट्रायलिस्ट!" तसे लोक हसत हसत त्याच्या नावाचा गजर करू लागले. खाली पडलेला टॅम उठला, त्याने हात हलवला, शेवटपर्यंत खेळला. माझा जीव भांड्यात पडला.

खेळ संपल्यावर चहा द्यायला आम्ही खेळाडूंच्या खोलीत गेलो. प्रशिक्षक गेडिस टॅमच्या पाठीवर थापा मारत होते.

"सोमवारी ये, पुऱ्या हंगामाची सही करून टाकू. काय, सेंगाबाई, नवरा अजून कामाचा आहे की!"

टॅमने ओशाळून वर पाहिलं. "रागावू नकोस गं. गाडीत पाव मोजून मोजून जीव आंबला होता माझा." मग गेडिसांकडे वळून त्याने सहज विचारलं, "बाकी, गोल कोणी मारला आपला?"

सगळी खोली खो खो हसली. "ऐका! आता विनय सुचतोय साहेबांना!" गेडिस म्हणाले.

टॅमही हसला. पण सगळ्यांच्या नंतर, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत.

हसणं एकेक करून थांबलं. सेंगाने ट्रे माझ्या हातात दिला आणि फरशीवरच्या चिखलात गुडघे टेकून ती त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गाठी ओल्या होत्या, सुटेनात. गेडिस काही बोलायला गेले, तर तिने मान वर न करता हात दाखवून त्यांना थांबवलं.

"सोमवारी तो येणार नाही," ती म्हणाली.

टॅमने दुसरा पाय पुढे केला.