टट्टार बसून गेलेले अकरा दिवस

सुभानपुऱ्यातल्या एका प्रसूतिगृहाने मला फसवलं. मला दूध येत होतं आणि त्यांनी फाइलवर लिहिलं, ‘इनसफिशियंट मिल्क’. म्हणजे आईचं दूध बाळाला पुरत नाही. सिझेरियनला तीन दिवस झाले होते. डॉक्टर दारातूनच म्हणाले, “टेन्शन नका घेऊ, बेन. पावडरचं दूध सुरू करा.” आणि पुढच्या खोलीत गेले.

फतेगंजमधलं ड्रेस मटेरियलचं दुकान मी एकटीने उभं केलं आहे. सुरतेचा व्यापारी कितीही गोड बोलला, तरी तागा पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय मी माल घेत नाही. त्या दिवशी मात्र एका ओळीवर मुकाट विश्वास ठेवला. तो राग माझा माझ्यावरही आहे.

तिथे पाजायची एकच रीत होती. नर्स यायची, “टट्टार बेसो, बेन,” म्हणत मला ताठ बसवायची आणि बाळाचं डोकं मागून धरून छातीवर दाबायची. टाके ओढले जायचे, मी पुढे वाकायचे, मुलगी मान मागे टाकून किंचाळायची. स्तनाग्रांना चिरा पडल्या. एकदा मी उशीला टेकले, तर सासूबाई म्हणाल्या, “रेलून पाजू नकोस गं, दूध कानात जाईल तिच्या.” नर्सनेही मान डोलावली. एरवी त्या दोघींचं चहाच्या साखरेवरूनही पटत नव्हतं.

घरी बाटली सुरू झाली. छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा, आणि तरी मी दूध नसलेली बाई! टाके काढायला गेले तेव्हा प्रसूतिगृहाच्या बाकावर दोन तास बसवलं. आत गेल्यावर भिजलेला ब्लाउज दाखवून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, “बाळ बाटली घेतंय ना? मग झालं.”

अकराव्या दिवशी नणंद प्रतापनगरहून तिच्या शेजारच्या शिंदेमावशींना घेऊन आली. मावशी रेल्वेच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. आल्या आल्या म्हणाल्या, “आधी पाजून दाखव.”

हे मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं.

मी पाठ ताठ केली. मावशी हसल्या. “परीक्षेला बसलीस का? टेक मागे.”

नवऱ्याची आरामखुर्ची आणली. मावशींनी पाठीशी, मानेखाली आणि दोन्ही कोपरांखाली उशा लावल्या. टीव्ही बघताना आपण रेलतो, तशी मी रेलले. मुलीला त्यांनी माझ्या छातीवर तिरपं, पालथं ठेवलं. पाय टाक्यांपासून बाजूला. “आता डोकं धरू नकोस. पाठीला नुसता आधार दे. तिचं ती शोधेल.”

मला खरं वाटलं नाही. मुलीने डोकं उचललं, आपटलं, पुन्हा उचललं. हनुवटी घासत सरकली आणि मोठा आ करून तिने स्तन धरला. याला ‘लॅच’ म्हणतात, बाळाच्या तोंडाची पकड. मी दात आवळून बसले होते, पण कळ आलीच नाही. गिळल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“कान बघा हो नातीचे,” मावशी सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाईंनी खरंच वाकून पाहिले. “कोरडे आहेत,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

नव्या आयांनो, पूर्ण आडवं पडू नका, नुसतं रेला. बाळाचं नाक मोकळं ठेवा. डोळा लागतोय असं वाटलं, तर बाळ लगेच दुसऱ्याकडे द्या. आणि बाटली एका दिवसात तोडू नका. आम्ही एका बालरोगतज्ज्ञांकडे मुलीचं वजन करत करत ती कमी केली. त्यात तीन आठवडे गेले.

शिंदेमावशींचे उपकार मी विसरणार नाही. पण ती फाइलही टाकलेली नाही. सोमवारी मी ती घेऊन त्याच बाकावर जाऊन बसणार आहे आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही. ती ओळ ज्याने लिहिली त्याने समोर येऊन सांगावं: मला पाजताना तुम्ही पाहिलं तरी होतं का?