सहीआधीचा प्रश्न

इथं आखातात आमच्या कंपनीतल्या रत्नागिरीच्या क्लार्कचाचांमुळे मी वाचलो. गालात कॅन्सर निघाला, तेव्हा सुपरवायझर हॉस्पिटलात ऑपरेशनचा कागद पुढे करून म्हणाला, "यल्ला, चल लवकर, कर सही!" मी सातवी नापास, लगेच पेन घेतलं. चाचांनी ते काढून घेतलं. "थांब रे, वेल्डर ना तू? नव्या वेल्डरला टेस्ट पीस जोडून दाखवल्याशिवाय पाइपाला हात लावू देतात काय?" मग त्यांनी तरुण डॉक्टरला इंग्रजीत विचारलं, अशी ऑपरेशनं स्वतः किती केलीत? तो म्हणाला, एकही नाही. म्हणजे टेस्ट पीस माझा गाल होता, आणि मला कुणी सांगणारही नव्हतं! अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या मोठ्या डॉक्टरसाठी मी भीत भीत आठवडाभर थांबलो; ऑपरेशन त्यांनीच केलं. सुपरवायझर अजून म्हणतो, लेबरचे नखरे. चाचा, तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर डॉक्टरसमोर तुमच्या बाजूला मी उभा राहीन.