कापलेला कोपरा

टेंभुर्णीत कुणाच्या घरी लग्न उरकलं, की आठ-पंधरा दिवसांनी बेबीनंदा त्या घराच्या ओसरीपाशी जाऊन उभी राही आणि उरलेल्या पत्रिका मागे. गावाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. "न्या बाई, न्हाईतरी उंदरंच खात्यात," असं म्हणून बायका पिशवीभर पत्रिका तिच्या हवाली करत. घरी आणल्यावर ती आधी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कापून वेगळा काढी. देवाच्या अंगावर कात्री चालू नये म्हणून कड चांगली मोठी धरी. ते गणपती एका डब्यात साठत आणि अनंत चतुर्दशीला पाण्यात जात. उरलेल्या कागदातून मग सोनेरी वेली निघत, तोरणाची पानं निघत, मखमली फुलं निघत. त्यांची ती शुभेच्छापत्रं करी.

हा नाद माहेरचा, धावड्याचा. शाळेत बाईंनी भेंडी आडवी कापून शाईत बुडवायला शिकवली होती. भेंडीचं पाच पाकळ्यांचं फूल कागदावर उमटलं आणि ही पोर त्या फुलाला जी चिकटली ती कायमची. तेव्हा माणसं संक्रांतीला, दिवाळीला एकमेकांना कार्डं धाडत. लग्न होऊन टेंभुर्णीला आल्यावर शेजारच्या मैमूना चाचीनं तिला सहा लाकडी ठसे दिले. चाचीचे सासरे त्या ठशांनी रजईची कापडं छापायचे. ते गेले, धंदा बसला आणि ठसे एकेक करून चुलीत जायला लागले. "उरले तेवढे तू घे बेबी," चाची म्हणाली, "न्हाई तर ये भी जल जायेंगे." त्यात दोन कोयऱ्या होत्या, एक वेल, एक कमळ, एक जाळी आणि एक राघू. राघूचा ठसा सगळ्यांत बारीक कोरलेला आणि सगळ्यांत हट्टी. कागदाखाली जुन्या चादरीची चार पदरी घडी घालायची, शाई फडक्यानं टिपून टिपून लावायची, तळहाताच्या बुडानं दाबायचं आणि ठसा सरळ वर उचलायचा. केसभर हात तिरपा झाला की राघूची चोच पसरली म्हणून समजा.

आता कार्डं घेतं कोण? मोबाईलवर सकाळ झाली की फुकटची फुलं येऊन पडतात. शाळेतल्या एक बाई शिक्षकदिनाला वीस-पंचवीस कार्डं घेत, तेवढंच. तरी दुपारचं काम आवरलं की बेबीनंदा कागद पसरून बसे. नवरा पुंजाराम म्हणे, "कागदं कातरायला देवानं हात दिले व्हय गं तुला?" ती म्हणे, "देवाचंच काम समजा." ते दोघांचं ठरलेलं बोलणं होतं. त्यात राग नसे.

राग होता तो एकाच गोष्टीचा आणि ती गोष्ट घरात कुणी तोंडातून काढत नसे. तृप्ती त्यांची एकुलती लेक. चार वर्षांपूर्वी तिनं शहागडच्या राधेश्यामशी जालन्याला जाऊन कोर्टात लग्न केलं. जात वेगळी. पुंजाराम हा शब्दाचा पक्का माणूस. त्यानं दारासमोर पाट मांडला आणि साऱ्या गल्लीदेखत जित्या लेकीच्या नावानं डोक्यावरून आंघोळ केली. लेक मेली, सुतक संपलं. त्या आंघोळीची बादली बेबीनंदानंच भरून दिली होती. नवऱ्यानं पाणी मागितलं आणि तिनं दिलं. वीस वर्षं देत आली होती तशी दिली. ही गोष्ट तृप्तीला कुणीतरी शहागडला जाऊन सांगितली. बापानं आंघोळ केली हे लेकीनं सोसलं असतं. आईनं पाणी काढून दिलं हे तिला सोसलं नाही.

मागच्या वर्षी पुंजारामच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. आता बेबीनंदा त्याला चारते, पुसते, उठवते, निजवते.

दिवाळीनंतर पुतण्या पप्पू आला. तो मोसंबीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, शहागडला चहाला थांबतो. काका झोपल्याचं बघून हळूच म्हणाला, "काकू, तृप्तीताईला पोरगी हाय. टायरच्या दुकानापुढं रांगत होती. मार्गशीर्षात वर्षाची व्हईल."

"कुणावर गेली रे?"

"मला काय कळतंय त्यातलं? गुटगुटीत हाय." मग त्यानं फोन नंबर दिला.

तिनं पुंजारामच्या फोनवरून तो लावला. पलीकडून "हॅलो" आलं. चार वर्षांनी तो आवाज कानी पडला आणि ती एवढंच म्हणाली, "मी, आई." फोन कापला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो नंबर लागेचना. पप्पूकरवी काही धाडावं, तर पप्पू म्हणाला, "मला मधी घालू नका काकू, काकांना कळलं तर दारात उभं करायचे न्हाईत."

तेव्हा तिनं कार्ड करायचं ठरवलं. पोस्टानं येणारा कागद काही कुणी कापू शकत नाही, निदान उघडून तरी बघतंच माणूस. घरात जाड पांढऱ्या कागदाचा एकच ताव चांगला राहिला होता. जालन्याला जाऊन नवा आणायचा तर पुंजारामला दिवसभर कुणावर सोडणार? तिनं तो ताव घडी घालून कापला, कडेनं वेल छापली, आत पतंगाच्या कागदाची झालर लावली आणि शेवटी राघू घेतला. तृप्ती लहान असताना हाच ठसा मनगटावर मारून घ्यायची आणि शाई निघू नये म्हणून दोन दोन दिवस हात धुवायची नाही. त्या दिवशी राघू असा उमटला, की डोळ्यातला ठिपकासुद्धा वेगळा दिसत होता. एवढा नीट तो वीस वर्षांत उमटला नव्हता. आत तिनं लिहिलं, 'बाळीला वाढदिवसाचा आशीर्वाद. देव तुला शंभर वर्षं देवो.' खाली नुसतं 'आजी'. नातीचं नाव तिला माहीत नव्हतं.

मंगल कागद हळदीशिवाय धाडायचा नसतो. तिनं वाटीत हळद कालवली आणि चारी कोपऱ्यांना बोट लावायला घेतलं. तीन कोपरे झाले. चौथ्याला बोट नेलं तेवढ्यात बाजेवरून पुंजारामनं हाक दिली, वाटीला धक्का बसला आणि हळद त्या कोपऱ्यावर ओघळून पार वेलीपर्यंत गेली. कागद फुगला. शाई आणि हळद मिळून हिरवट-काळा डाग झाला. त्याचं आवरून ती परत आली, थोडा वेळ डागाकडं बघत बसली आणि मग कात्री घेऊन तेवढा कोपरा तिनं कापून टाकला.

मैमूना चाची दळण घेऊन जाताना आत डोकावली. कार्ड हातात घेऊन तिनं राघूची तारीफ केली आणि मग तिचं बोट कापलेल्या कडेवर थांबलं.

"ये क्या गं? तुमच्यात तर कोपरा फाटेला कागद मौतीचा असतोय ना?"

"असतोय."

"आम्हाला परक्यांना म्हाईत, आन् तूच असं करती?"

"वरून फूल लावते चाची. मोठं लावते. दिसायचं न्हाई."

"दुसरं कर. एक दिवस उशिरा गेलं तर गेलं."

"कागद न्हाई. आन् राघू पुन्हा असा यायचा न्हाई."

चाचीनं कार्ड खाली ठेवलं. दळणाचा डबा उचलून गेली. बेबीनंदानं एका पत्रिकेवरचं मखमली गुलाबाचं फूल काढलं आणि कापलेल्या जागेवर बसवलं. डिंकाची बाटली वाळून दगड झाली होती, म्हणून मैद्याची खळ केली. फूल अर्धं कागदावर, अर्धं अधांतरी. पण वरून बघताना कोपरा भरलेला दिसत होता. तिनं पाकीट चिकटवलं, वर तृप्तीचं नाव आणि शहागड लिहिलं, देवापुढं ठेवून हात जोडले आणि पोस्टात टाकून आली.

सहाव्या दिवशी दुपारी ती अंगणात पुंजारामला दूध-भाकरी चारत होती. गल्लीतली डीपी जळून तीन दिवस वीज नव्हती, चार्जिंगवाचून फोन बंद पडून होता. रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि मागोमाग हंबरडा. "अण्णाऽ, माझ्या अण्णाऽ" करत एक बाई फाटकातून आत आली. काखेत पोर, पायात एकच चप्पल. बेबीनंदानं लेकीला आधी आवाजावरून ओळखलं.

तृप्ती चार पावलं आली आणि थबकली. पुंजाराम खुर्चीत बसून घास चावत होता. ओठाच्या कडेनं दूध ओघळत होतं.

ती तिथंच मातीत बसली. "हायेत," ती म्हणाली. "जित्ते हायेत." आणि रडता रडता हसायला लागली. काखेतलं पोर तिच्या तोंडाकडं बघून तेही हसलं. बेबीनंदा ताट ठेवून धावली, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, पोरीच्या गालाला हात लावला. एक घटकाभर त्या अंगणात सगळं जसं असावं तसं होतं. कुंपणापलीकडं बायका जमल्या. मैमूना चाची फाटकात येऊन उभी राहिली.

"कुणी सांगितलं गं तुला असं?" बेबीनंदानं विचारलं.

तृप्तीनं पदरानं तोंड पुसलं. "कागद आला ना तुझा. मी दुकानावर होते. सासूबाईंच्या हाती पडला." सासू, मालनबाई, हिला मोतीबिंदू, अक्षर येत नाही. टेंभुर्णीचा कागद आहे हे पोस्टमननं सांगितलेलं. तिनं उंबऱ्यावर पाकीट फाडलं, कागद ओढला तर आधी तुटका कोपरा हाताला लागला. पुरता बाहेरही काढला नाही. तसाच पाकिटासकट नालीत टाकला आणि डोक्यावरून पाणी घेऊन सुनेला निरोप धाडला, तुझ्या माहेराहून वाईट कागद आला. "अण्णांचा फोन लावला तर बंद. मंग मी काय समजायचं?"

"फूल होतं की गं त्याच्यावर," बेबीनंदा म्हणाली. "मखमलीचं."

"फूलबिल काही लागलं न्हाई त्यांच्या हाताला." तृप्तीचं हसू आता पुरतं गेलं होतं. "कोपरा फाटला कसा?"

"फाटला न्हाई. कापला. हळद सांडल्ती."

"तूच कापला?"

"मीच."

"कापल्या कोपऱ्याचा कागद कशाचा असतोय, तुला ठाऊक न्हवतं?"

इथं ती खोटं बोलली असती तर कदाचित निभावलं असतं. पण बेबीनंदाच्या तोंडून खोटं कधी निघालं नव्हतं आणि त्या दिवशीही निघालं नाही.

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

तृप्ती उठून उभी राहिली. "ठाऊक असून धाडला. म्हंजे पोरगी येत न्हाई तर बाप मेला म्हणून कळवावं. धावत येईल."

"तसं न्हाई गं. बाळीचं कार्ड होतं ते. आत राघू होता."

"पोरी, म्या बघितलंय," मैमूना चाची फाटकातून म्हणाली, "खुदा की कसम, फूल लावेलं होतं."

"तुम्ही समोर होता चाची, मंग अडवलं का न्हाई?"

चाची फाटकातून एक पाऊल मागं सरली.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. पुंजारामला चार शब्द जुळवायला एरवी किती वेळ लागे. त्या दिवशी मात्र ते बराबर बाहेर पडले. "हिला... कुणी... बोलवलं?"

तृप्ती बापाकडं वळली. "कुणी न्हाई अण्णा. चुकून आले. घरात पाणी असंल तर पुन्हा एकदा आंघोळ करून घ्या. आई देईल काढून."

ती निघाली. बेबीनंदानं दरवाजाआडची आपली चप्पल काढून तिच्या पायापुढं ठेवली. तृप्तीनं दुसऱ्या पायातली होती तीही तिथंच काढून टाकली आणि अनवाणी चालू लागली. बेबीनंदा मागं मागं स्टँडवर गेली. जालन्याची गाडी लागलेलीच होती. चढताना पोर आणि पिशवी एकदम सावरेना, तेव्हा तृप्तीनं पोर आईच्या हातात दिलं. बेबीनंदा गाडीत चढली, मधल्या वाटेत उभी राहिली. पोर अंगानं गरम होतं आणि तिच्या कानातल्या फुलाशी खेळत होतं. रडलं नाही.

"नाव काय ठेवलं?" तिनं विचारलं.

तृप्तीनं खिडकीपाशी बसून हात पुढं केले. पोर घेतलं. "आता खरंच काही झालं तरी कळवू नको," ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली. "मला खरं वाटायचं न्हाई."

कंडक्टर मागून म्हणाला, "मावशी, बसायचं का उतरायचं? एक काहीतरी करा."

"उतरते," बेबीनंदा म्हणाली.

घरी आली तेव्हा पुंजाराम खुर्चीत तसाच होता. दूध छातीवर वाळलं होतं. तिनं त्याला पुसलं, आत नेऊन निजवलं, गोळी दिली. मग दिवेलागणीला देवापुढं बसली. चार वर्षं ती रोज या वेळी एकच मागत आली होती, माझी लेक एकदा दारात येऊ दे. लेक दारात येऊन गेली होती. बेबीनंदानं वात पुढं सारली, हात जोडले आणि काय मागावं ते न सुचून बराच वेळ तशीच बसून राहिली.