पाचव्या पुलापुढचे पाइप

बाळांनो, फ्रान्समधल्या त्या कालव्याकाठचे तुमचे फोटो पोहोचले. दोन्ही बाजूंना झाडं, मधून गुळगुळीत रस्ता, पुढे तुमची आई, मागे तुम्ही दोघं. समोरून सायकलवर येणारा प्रत्येक माणूस हात करतो, असं तुम्ही सांगितलंत. मग धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या कालव्यावर पण लोक हात करतात का? तू आता का नाही जात तिकडे?" मी तोंड उघडायच्या आत तुमचे आजोबा म्हणाले, "ऊन फार असतं गं." सकाळी सहा वाजता कुठलं आलंय ऊन? फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हटलं, की मुलांना खरं काय ते मी लिहून कळवणार. ते म्हणाले, "कळव. तू नाहीतरी सगळं लिहूनच ठेवतेस." त्यात टोमणा होता. तो का, ते पुढे कळेल.

सायकल मी सांगलीत शिकले. सांगली सपाट. शाळेतल्या आम्ही चौघी-पाचजणी सुट्टीच्या दिवशी नदीच्या बाजूने हरिपूरपर्यंत जायचो. लग्न होऊन साताऱ्याला आले आणि तिथल्या चढांनी सायकल सोडायला लावली. पुढे चाळीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही कोरेगावच्या बाजूला लहानसं घर बांधलं आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. गिअरची सायकल घेतली, पिवळं हेल्मेट घेतलं. मोठ्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, म्हणून कालव्याचा रस्ता धरला. पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी केलेला मुरमाचा रस्ता तो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला रानं. दर थोड्या अंतरावर पूल, आणि त्याच्या कठड्यावर रंगवलेला आकडा.

पहिल्या दिवशी हात कुणी केला नाही. तिसऱ्या पुलावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मला थांबवलं.

"आवं आज्जी, ह्या वयात सायकल? घरी गाडी न्हाई व्हय?"

"आहे की."

"मग पोरं देत न्हाईत वाटतं."

दुसरे म्हणाले, "आनि त्या वहीत काय लिवताय मगापासनं?"

"पक्षी."

"पक्षी? कुनाचं?"

"कुणाचे नाहीत. खंड्या, बगळे, टिटव्या. दिसतात ते लिहिते."

"बगळं लिवून काय हुतंय?"

त्यांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. तशी हेल्मेटं त्यांच्या मते खात्याच्या इंजिनिअरांच्याच डोक्यावर असतात, हे मला नंतर कळलं.

वहीची सवय माझी जुनी आहे. तारीख, वेळ, कितव्या पुलाशी काय दिसलं, पाणी किती भरून वाहतंय, सगळं ओळीने. पाचव्या पुलाच्या पुढे कालव्याच्या बांधावरून काळे पाइप रानात उतरलेले असत. एक टोक पाण्यात, दुसरं सरीत. कालव्याचं पाणी पाळीने मिळतं, आणि पाळी नसताना असं घेणं नियमात बसत नाही, एवढं मला माहीत होतं. पण माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी पाइपही मोजले, जसे बगळे मोजले तसे. एका सोमवारी सात होते. पुढच्या सोमवारी अकरा. दोन पाइपांवर उसाचं पाचट टाकलेलं होतं. ते मला पाहून टाकलं असणार, असं वाटलं, आणि तेही मी लिहिलं.

तिथेच आल्याचं रान असलेली एक बाई होती, पन्नाशीची. तिने मात्र मला एक दिवस हाक मारली, सावलीत बसवलं, ताक दिलं. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला तिने बारा वाफ्यांत आलं लावलं होतं. कोंब नुकतेच वर येत होते. "घरचं बेणं हाय," ती म्हणाली. "सासूनं जपलेलं. बाजारच्या बेण्याला कूज लागतीय, ह्याला कवाच न्हाई." वरच्या लोकांनी पाणी उपसल्यावर पाळीच्या वेळी तिच्या रानापर्यंत काहीच येत नसे. म्हणून तिचाही एक पाइप होता. माझ्या अकरांमध्ये तो होता.

मे महिन्यात एका सकाळी पाचव्या पुलाशी पोहोचले तर बांधभर काळे तुकडे पडलेले. आदल्या दिवशी खात्याची जीप येऊन गेली होती. सगळे पाइप कापले होते. रस्त्यावर पाच-सहा माणसं उभी होती. मी सायकलवरून उतरले.

एकजण म्हणाला, "आलात व्हय? आज बगळं किती?"

दुसरा म्हणाला, "बगळ्यास्नी किती पाय असत्यात, ते बी लिवा वहीत."

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही." ते खरं होतं, म्हणून मला भयंकर राग आला. परत येताना एक मोटरसायकल माझ्या मागे होती. ती पुढेही जात नव्हती आणि मागेही पडत नव्हती. घर येईपर्यंत मी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी चौथ्या पुलाशी बाभळीची फांदी आडवी पडलेली दिसली. वारा नव्हता आणि जवळपास बाभूळही नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी आल्याच्या रानाशी थांबले. ती बाई वर आली नाही. खालूनच, दबक्या आवाजात म्हणाली, "माज्याशी बोलू नगा बाई. तुमी माजं ताक प्यालात, ते समद्यांनी बघितलंय. दीर म्हणतोय, मीच तुमाला पाइप दावलं."

"पण तुझाही कापला ना?"

"त्ये नाटक हाय म्हणत्यात. दोघांच्या हिरीचं पानी बंद केलंय त्यानं. रोज दोन घागरी डोक्यावर आणतीया, बारा वाफ्यांला काय पुरतंय? बेणं गेलं की गेलं."

कोंब पिवळे पडलेले मला वरूनही दिसत होते.

घरी आले तर तुमचे आजोबा चहा करत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते चहा करत नाहीत. दोन दिवस ते मला कालव्याबद्दल काही विचारतही नव्हते, एरवी रोज विचारायचे. मी वही काढली. पाइपांच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी पान कधीच दुमडत नाही.

"हे कुणी दुमडलं?"

त्यांनी गाळणी उचलून धुवायला घेतली. मग म्हणाले, "मी तक्रार नाही केली. बोलता बोलता निघालं." सकाळी फिरायला त्यांच्याबरोबर खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही असतात. त्यांना यांनी बढाई मारत सांगितलं होतं, की तुमच्या माणसांना दिसत नाही ते माझ्या बायकोने मोजून ठेवलंय, कितव्या पुलाशी किती. त्या स्नेह्यांना पटेना, तेव्हा यांनी वही नेऊन दाखवली. पुढचं त्यांनी कुणाला सांगितलं, ते यांना माहीत नाही, असं ते म्हणतात. मी ते पूर्ण मानलेलं नाही.

म्हणजे त्या माणसांचा संशय खरा होता. चुकीच्या बाईवर गेला, एवढंच. नियमाने पाहिलं तर पाइप काढायलाच हवे होते, कालव्याच्या शेपटाकडच्या गावांनाही पाणी लागतं. हे मला तेव्हाही पटत होतं. पण तिची विहीर बंद झाली होती ती आमच्यामुळे.

मी म्हटलं, "उद्या तुम्ही माझ्याबरोबर यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं."

"मारतील मला."

"मारणार नाहीत. म्हातारे आहात."

ते त्यांच्या जुन्या सायकलवर आले. पाचव्या पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर त्या बाईचा दीर होता, बाकीचेही होते. तुमच्या आजोबांनी सायकल स्टँडला लावली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वही, स्नेही, बढाई. काही लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. मी म्हटलं, "तुमच्या वहिनींनी मला फक्त ताक दिलं. पाइप मी रस्त्यावरूनच पाहिले."

दीर चहाचा कप हातात धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आनि हे आमी खरं कशावरनं मानायचं? तिनंच तुमाला धाडलं असंल."

आजोबा म्हणाले, "अहो, बायकोसमोर स्वतःची अब्रू कोण काढून घेईल? तुम्ही घ्याल?"

तेव्हा मात्र टपरीवाला हसला. दीर हसला नाही. "जावा आता," म्हणाला. "आनि हिकडं परत दिसू नगा. दोघंबी."

आम्ही गेलो नाही परत. आता मी कोरेगावच्या दुसऱ्या बाजूला सायकल चालवते. वही घरी असते, कपाटात, किल्ली माझ्याकडे.

पुढच्या वर्षी ती बाई मला कोरेगावच्या बाजारात भाजी विकताना दिसली. मी समोर जाऊन उभी राहिले. तिने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं, वही दिसते का म्हणून, मग माझ्याकडे. तिनेच सांगितलं, दिराने विहीर खुली केली होती, पण लगेच नाही. आम्ही सांगून आल्यावर आठवडा गेला होता. तोवर आठ वाफे वाळले.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"हायती," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

चार वाफे वाचले होते. त्यातलं आलं तिने विकलं नाही, सगळं पुढच्या लावणीला बेणं म्हणून ठेवलं, हे मला शेजारच्या भाजीवालीने सांगितलं. ते बेणं अजून आहे.