काचेच्या पेटीतली बाळंतीण

मी शिकवते त्या कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि प्रयोगशाळेला कुलूप पडलं. तिथल्या काचेच्या पेटीत विंचवाची एक मादी होती, दिवस भरलेली. तिला कुणाच्या भरवशावर सोडणार? जयपूरच्या मालवीय नगरातल्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. पेटी पाहून आई म्हणाली, एक तर मी राहीन नाहीतर ती. मला खरं तर बरंच वाटलं. बाबा गेल्यावर मी तिला मिरजेहून इथे आणलं होतं, आणि तेव्हापासून तिने पहिल्यांदाच कशाला तरी नको म्हटलं होतं.

एरवी आई नुसती पडून असायची. अर्धी पोळी, दोन घास भात. जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी जास्तीचा स्वयंपाक करणारी बाई, ती गॅसजवळ उभी राहीना. शेजारच्या बाई गप्पांना यायच्या, ही "ठीक है" म्हणून मोकळी. मी समजवायचे, चिडायचे, पुन्हा समजवायचे. अशीच झिजून जाईल ही, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

मग मादी व्याली. तांदळाच्या कणीसारखी पांढरी पिल्लं एकेक करून तिच्या पाठीवर चढली. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथून उतरत नाहीत, असं मी सांगत होते, तेवढ्यात आई उठून पेटीशी कधी आली कळलंच नाही. बराच वेळ बघत राहिली.

"हिला एवढा उजेड कशाला? बाळंतीण आहे ती," म्हणाली, आणि स्वतःची जुनी सुती साडी दुहेरी करून पेटीवर टाकली.

झालं, आमच्या घरी बाळंतपण सुरू झालं. वारं लागेल म्हणून आईने कूलरचं तोंड फिरवलं, आणि आम्ही दोघी घामाने निथळत बसलो. रोज विचारायची, खाल्लं का तिने? मी सांगायचे, या दिवसांत ती खात नाही, पाण्यासाठी ओल्या कापसाचा बोळा पुरे. झाकण अजिबात उघडायचं नाही, बिथरली तर स्वतःचीच पिल्लं खाते. हे काही आईला पटलं नाही. उपाशी ठेवल्यावर खाईलच, असं पुटपुटली.

एका दुपारी बाजारातून आले तर घरभर तुपात डिंक फुलल्याचा वास. गॅसपाशी आई, पदर खोचलेला. डिंकाचे लाडू, तेही जयपूरच्या मे महिन्यात! पण दोन लाडू उभ्या उभ्या खाल्ले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. वाचली गं बाई माझी आई, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. रांग थेट साडीखाली जात होती. साडी उचलली. झाकण तिरकं बसलेलं, आत दगडापाशी लाडवाचा चुरा, आणि जिकडेतिकडे लाल मुंग्या. मऊ पिल्लांना त्या ओढून नेत होत्या. मादी नांगी उगारून जागच्या जागी फिरत होती, पण डंख मारणार तरी कुणाकुणाला? पेटी बाल्कनीत नेऊन मी ब्रशने मुंग्या झाडत बसले. एकही पिल्लू वाचलं नाही. दुपारपर्यंत मादीही गेली.

आई दारात उभी राहून सगळं बघत होती. झाकण माझ्याच हातून नीट लागलं नसेल, मुंग्या काय, कुठूनही येतात, असं मी धडधडीत खोटं बोलले.

"तुझ्या बाबांनाही मीच भरवलं होतं," ती म्हणाली. "तोंडाने काही देऊ नका म्हणाले होते डॉक्टर. शिरा मागत होते गं ते. दोनच चमचे दिले."

मला ते माहीत होतं. घास श्वासनलिकेत गेला, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिच्या कानावर ते कधी पडू नये म्हणून तर मी तिला नातेवाइकांतून उचलून इतक्या लांब आणलं होतं.

त्याने काही झालं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलंही. पण त्याआधी क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात तिने माझा चेहरा बघून घेतला.

"म्हणजे तुलाही माहीत होतं," ती म्हणाली, आणि आत जाऊन लाडवांचा डबा कचऱ्यात उपडा केला.