दादा इंग्रजीत बोलतो

हाँगकाँग सोडलं तेव्हा विमानतळावर आई रडत होती, बाबा सामानाचं वजन पुन्हा पुन्हा विचारत होते आणि माझा मोठा भाऊ, दादा, राजकारणावर बोलत होता. माझ्या नवऱ्याला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कार्गोत नोकरी मिळाली होती. इंग्रज जाणार, चीन येणार, म्हणून जो तो बाहेरची वाट शोधत होता. आणि दादा म्हणत होता, "मी कुठे जात नाही. अगं, आता कायदे करणाऱ्या कौन्सिलातला एकूण एक माणूस निवडून आलाय. एवढं दिलेलं कोण काढून घेईल?"

त्या निवडणुकीनं तो पार खुळावला होता. कौलूनला आमच्या बिल्डिंगखालच्या बाजारात उभा राहून पत्रकं वाटायचा, कोळणींशी कँटोनीजमध्ये हुज्जत घालायचा. बाबांनी जन्मभर "आपण इथे पाहुणे" म्हणत मान खाली घालून नोकरी केली. त्यांना दादानं ओढतच मतदानाला नेलं. बाबा टाय लावून गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "द्यायला जरा उशीरच केला यांनी." दादाला राग आला. पण निघायच्या बेतात असताना इंग्रजांना लोकशाही आठवली, हे खोटं नव्हतं.

इंग्रजांचा झेंडा उतरला तो मी लंडनला, हाउन्सलोतल्या घरी टीव्हीवर पाहिला. ते निवडून आलेलं कौन्सिल चीननं त्याच वेळी बरखास्त केलं. दादा मात्र राहिला. आईबाबा वारल्यावरही राहिला, आणि जेवढं मत उरलं होतं तेवढं देत राहिला. दर रविवारी फोनवर त्याची कटकट चालायची. कोण पडला, कोण विकला गेला, कोण नुसताच शेळपट. सगळं मराठीत, बसमध्ये असला तरी मोठ्यांदा. "इथे कुणाच्या बापाला कळतंय?" म्हणायचा.

मग वीसेक वर्षांनी बीजिंगहून नवे कायदे आले, सरकारविरुद्ध बोललं तर थेट तुरुंग. त्याच्या ओळखीतले एकेक जण गप्प झाले. आणि एका रविवारी दादा इंग्रजीत बोलायला लागला. मला वाटलं, शेजारी कुणी बसलं असेल. पण पुढच्या रविवारीही तेच. हवा, गुडघे, माशांचा भाव. मी चिडून म्हटलं, "दादा, मराठीत बोल ना." तो शांतपणे म्हणाला, "इंग्लिश इज बेटर. एव्हरीवन कॅन फॉलो." फोनवर आम्ही दोघंच होतो.

यंदा मे महिन्यात इथे हाउन्सलोत कौन्सिलचं, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखं, मतदान होतं. माझी लेक म्हणाली, "आई, आज वर्क खूप बिझी आहे. माझा एक मत नाही गेला तर काय डिफरन्स पडतो?" मी तिला हाय स्ट्रीटवर उभं करून मराठीत झाडलं. "मम, लोक बघतात," ती म्हणाली. बघू देत, म्हटलं. तिला घेऊन गेले, मत द्यायला लावलं, आणि घरी येऊन का कोण जाणे, रडले.

त्या रविवारी दादाला स्पष्टच म्हटलं, "आता पुरे झालं. इकडे निघून ये. हे तुझंच घर आहे." तो म्हणाला, "थँक यू. आय ॲम ॲट होम हिअर."

हे त्याच्या मनातलं होतं की ऐकणाऱ्या कुणासाठी होतं? सख्ख्या भावाचं एक वाक्य, आणि मला ते ओळखता आलं नाही.