मावशीची नजर

आमच्या मळवलीच्या मावशीइतकी पुरुषांना वेड लावणारी बाई उभ्या मावळात झाली नसेल. आता ती रूपवान होती म्हणावं, तर तसंही नाही. रंगाने काळी, दात पुढे, आणि पंचविशीतच विधवा झालेली. पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती मान पुढे काढून असे काही डोळे लावायची, की एसटीचा कंडक्टर घंटी मारायला विसरे आणि पोस्टमन पत्र नसतानाही दारात रेंगाळे. गावातल्या बायका म्हणत, हिला मोहिनी येते. खरी गोष्ट एवढीच, की वीतभर अंतरापलीकडचं मावशीला सगळं धुरकट दिसे. त्याच मायेने तिने एकदा शेतातल्या बुजगावण्याला, "जेवलात का, भाऊ?" असं विचारलेलं मी ऐकलं आहे. उत्तर आलं नाही म्हणून दिवसभर फुगून बसली होती.

तिचा स्वतःचा जीव मात्र एकाच माणसावर जडला होता. रेल्वेतला एक विधुर गँगमन दुपारी पाणी प्यायला यायचा. त्याचा चेहरा देवीच्या व्रणांनी पार भरलेला. चारचौघांत तो तोंडावर टॉवेल धरी. मावशीच्या ओट्यावर तेवढा तो टॉवेल खांद्यावर राही. घर दिसू लागलं की तो लांबूनच खाकरायचा.

"एवड्या लांबनं खाकरता कशापायी?" मावशीने विचारलं.

"तू दचकशील म्हनून."

हे तिने मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. "असा इचार करनारा मानूस कुटं मिळतो रं?" दिवाळी झाली की पाट लावून तो तिला घरी नेणार, असं ठरलं होतं.

नेमकी तेव्हाच मला लोणावळ्यात नोकरी लागली आणि मी मोठ्या हौसेने मावशीला चष्मा करून दिला. तो लावून तिने डोंगर पाहिला, अंगण पाहिलं, मला म्हणाली, "लय वाळलास रं." इतक्यात खाकरणं ऐकू आलं. तो ओट्यावर चढला आणि मावशी त्याला डोळे भरून बघतच राहिली. त्याने टॉवेल तोंडावर ओढला आणि पाणी न पिताच निघून गेला.

मी त्याला गाठलं. "तिला दिसत न्हवतं म्हनून चाललं," तो म्हणाला. "आता रोज ह्यो चेहरा कुटं दाखवू?"

मावशीला सांगितलं, तर ती रडली. "मला तर चांगलाच दिसला की त्यो!" मी परत धावलो, तेही त्याला सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. पुढल्या महिन्यात तो बदली घेऊन गेला, कुठे ते कुणालाच सांगितलं नाही.

मावशीने चष्मा डब्यात टाकला आणि पुन्हा चाचपडत वावरू लागली. कुणीही खाकरलं की भरलेला तांब्या घेऊन ओट्यावर येई. एकदा खाकरणारा मीच होतो. तेव्हापासून तिच्याकडे जाताना खोकला आला, तर मी कुंपणाबाहेर थांबून, तोंडात रुमाल कोंबून खोकून घेतो.